उद्यमबागेतून दिल्लीला: खनिजांच्या निर्यातबंधनांबद्दल खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
मा. केंद्रीय खाण मंत्री,
नवी दिल्ली.

महोदय,
स. न. वि. वि.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपची खरेदी मी पाहते. आजूबाजूच्या फाउंड्र्यांतून बिडाचं कास्टिंग येतं, आमच्याकडे त्याचं मशीनिंग होतं आणि माल कोल्हापूर, पुणे, बेंगळुरूला जातो. त्यातला काही पुढे न्हावाशेव्याला जाऊन जहाजावर चढतो. चीनने गेल्या काही वर्षांत ज्या खनिजांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं, त्यांतलं एकही आमच्या खरेदीच्या नोंदीत स्वतःच्या नावाने येत नाही. गॅलियम आमच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. डिस्प्रोशियम हे नाव इथल्या बहुतेक मालकांनी २०२५ सालीच पहिल्यांदा ऐकलं. तरीही खरेदीला बसलं की कुठून ना कुठून त्याच बंधनांची झळ लागते. ती कशी लागते हे दिल्लीतून नीट दिसत नसावं, म्हणून हे पत्र.

मागणी आधीच सांगून टाकते. "चीन त्यांची खनिजं अडवतो, मग आपणही आपली अडवू" असा सूर आता वाहिन्यांवरच्या चर्चांत आणि काही जाणकारांच्या बोलण्यातही ऐकू येतो. तसं करू नका. बेळगावसारखा जिल्हा बाहेरून येणाऱ्या मालावर चालतो आणि बाहेर जाणाऱ्या मालावर जगतो. त्यांनी घातलेल्या बंधनाचा मार आम्ही खातोच आहोत. त्यावर आपलं बंधन आलं तर दुसऱ्या बाजूनेही खाऊ. त्याऐवजी करण्यासारखी कामं आहेत, आणि त्यांतलं एक तर बेळगावातच पडून आहे. त्याकडे पुढे येते.

टंगस्टनपासून सुरुवात करते, कारण ते रोज हातात येतं. लेथवर किंवा व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) बीड कापायचं तर कार्बाइडचे इन्सर्ट, म्हणजे कापणारे बदलते तुकडे, लागतात, एंड मिल लागतात, ड्रिल लागतात. कार्बाइड म्हणजे टंगस्टन कार्बाइडची भुकटी, थोड्या कोबाल्टमध्ये बांधून भाजलेली. जगातल्या टंगस्टनपैकी सुमारे ८० टक्के चीनमधून येतं. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी चीनने टंगस्टन, टेल्युरियम, बिस्मथ, मॉलिब्डेनम आणि इंडियम यांच्या काही प्रकारांवर निर्यात परवाना लागू केला. तयार इन्सर्टला त्या यादीत हात लावला नव्हता. बंधन होतं ते कच्च्या मालावर, म्हणजे अमोनियम पॅराटंगस्टेटसारख्या मधल्या रसायनावर आणि भुकटीवर. कागदावर पाहिलं तर आमच्या खरेदीला काहीच व्हायला नको होतं. प्रत्यक्षात त्या रसायनाचा जागतिक भाव वर्षभरात दुपटीच्या वर गेला, आणि इन्सर्ट बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीचं दरपत्रक मागोमाग बदलत राहिलं. आमचा टूलचा व्यापारी, ज्याच्याशी आमचा पिढीजात व्यवहार आहे, तो फोनवर म्हणायचा, "ताई, आजचा भाव आजपुरता. उद्याचं मला विचारू नका."

यात एक बारीक गोष्ट आहे, ती धोरण ठरवणाऱ्यांना कुणी सांगत नाही. पिग आयर्न (फाउंड्रीत वितळवायचं कच्चं लोखंड) आणि स्क्रॅपचे भाव वरखाली झाले की गाडी कंपन्या कास्टिंगचा दर तिमाहीला सुधारून देतात. ती पद्धत सगळ्यांनी मान्य केलेली आहे. टूलिंगला असला काही आधार नाही. जॉबवर्कचा दर वर्षासाठी ठरतो, इन्सर्ट महिन्यागणिक महागतो, आणि मधला फरक ज्याच्याकडे चार-सहा मशीन आहेत त्याच्या खिशातून जातो. मोठ्या कारखान्याचा टूल कंपनीशी वर्षाचा करार असतो, त्यांना भाव तरी बांधून मिळतो. मच्छे, उद्यमबाग किंवा शिनोळीचा लहान शॉपवाला गरजेपुरते दहा-वीस इन्सर्ट घेतो आणि त्या दिवशीचा भाव देतो. म्हणजे बीजिंगमध्ये निघालेल्या एका अधिसूचनेचा सगळ्यात महाग हिशेब सगळ्यात लहान माणूस चुकता करतो. हा केवळ आमचा अनुभव नसणार. कोईमतूरला, राजकोटला, लुधियान्याला विचारून बघा.

आता चुंबकांकडे येते. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने समॅरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोशियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि यट्रियम या सात दुर्मीळ मृदा (रेअर अर्थ) धातूंवर आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांवर परवाना लावला. जगातले सुमारे ९० टक्के असे चुंबक चीनमध्ये बनतात. मालाचा शेवटचा वापर कोण आणि कशासाठी करणार याचं प्रमाणपत्र द्यायचं, ते आपल्या सरकारकडून आणि चिनी दूतावासातून पुढे न्यायचं, मग तिथल्या वाणिज्य मंत्रालयाच्या निर्णयाची वाट बघायची. नियमात ४५ कामकाजाचे दिवस लिहिलेले आहेत, म्हणजे सुट्ट्या धरून दोन महिन्यांच्या वर. त्यानंतरच्या काही महिन्यांत जपानमध्ये सुझुकीला स्विफ्टचं उत्पादन काही दिवस थांबवावं लागलं. पुण्यात बजाजला ई-स्कूटरचं उत्पादन घटवावं लागलं. चुंबकाची किंमत गाडीच्या किमतीत जेमतेम दिसेल एवढी, पण तो नसला तर गाडी लाइनवरून उतरत नाही.

कुणी म्हणेल, ई-स्कूटरमध्ये बेळगावच्या बिडाचं काम ते किती? फार नाही, खरं आहे. पण असे चुंबक पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांतही आहेत, पॉवर स्टिअरिंगच्या मोटरमध्ये आहेत, आणि इतर अनेक लहान मोटरींत आहेत. एखाद्या मॉडेलला एक सुटा भाग मिळेल की नाही याची शंका आली की गाडी कंपनी पुढच्या महिन्याचं शेड्युल, म्हणजे कुणाकडून किती माल घ्यायचा ते, सावधपणे काढते. उद्यमबागेत सगळा संसार या शेड्युल शब्दाभोवती फिरतो. शेड्युल कमी झालं की आधी ओव्हरटाइम बंद होतो. मग दुसरी पाळी. मग फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायला, असलेल्या कंत्राटी पोरांना "सोमवारी या, बघू" असं सांगितलं जातं. ही पोरं खानापूर तालुक्यातून येतात, चंदगडहून येतात, हुक्केरीहून येतात. कुणी मराठी बोलणारं, कुणी कन्नड. घरी दोन एकर भात किंवा ऊस असला तर ठीक, नसला तर आठवड्याचा बाजार उधारीवर. त्यांना कुणी सांगत नाही की हे डिस्प्रोशियममुळे झालं. सुपरवायझरलाही ते माहीत नसतं.

म्हणून मला वाटतं की या बंधनांमधली खरी ताकद माल पूर्ण बंद करण्यात नाही. माल बहुतेकदा येतोच. ताकद आहे ती कधी येईल हे न कळण्यात. २०२५ च्या ९ ऑक्टोबरला चीनने आणखी पाच धातूंची भर घातली, आणि चिनी दुर्मीळ मृदा अगदी ०.१ टक्का किमतीइतकी वापरलेल्या परदेशी मालालाही परवाना लागेल असं जाहीर केलं. महिन्याभरात, अमेरिकेशी बोलणी झाल्यावर, ते १० नोव्हेंबर २०२६ पर्यंत स्थगित केलं. एप्रिलची बंधनं तशीच राहिली. दोन मोठे देश आपसांत घासाघीस करतात आणि तारखा पुढेमागे होतात. त्या तारखांवर खरेदीची ऑर्डर कशी काढायची? जास्त साठा केला तर बँकेची सीसी लिमिट (कॅश क्रेडिट कर्जाची मर्यादा) भरून जाते, कमी केला तर मशीन उभं राहतं.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. आपण स्वतः असली बंधनं घातली तेव्हा इथं काय झालं, ते आम्ही पाहिलेलं आहे.

खानापूर तालुक्यातलं लोंढा जंक्शन आपल्याला माहीत असेल. होस्पेट-बळ्ळारी भागातलं लोहखनिज याच मार्गाने, कॅसलरॉकचा घाट उतरून मुरगाव बंदराला जायचं. जुलै २०१० मध्ये कर्नाटक सरकारने निर्यातीसाठी खनिज वाहतुकीचे परवाने थांबवले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने बळ्ळारीतल्या खाणीच बंद केल्या. बेकायदा उत्खननाने जो विध्वंस चालवला होता तो पाहता ते थांबवणं आवश्यकच होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण निर्यातीची बंदी त्यानंतर अकरा-बारा वर्षं टिकली. २० मे २०२२ रोजी न्यायालयाने कर्नाटकातलं खनिज निर्यात करायला परवानगी दिली. आणि दुसऱ्याच दिवशी, २१ मे रोजी, केंद्राने लोहखनिजावरचं निर्यात शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, पेलेटवर (खनिजाच्या भाजलेल्या गोळ्यांवर) ४५ टक्के आणि पिग आयर्नवर १५ टक्के लावलं. एक दार उघडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुसरं लागलं.

त्या शुल्काचा आमच्या भागाला फायदाच झाला असं वरवर दिसेल. पिग आयर्न देशातच राहिलं, भाव उतरला, फाउंड्रीला कच्चा माल स्वस्त पडला. पण ज्यांनी मे महिन्यात चढ्या भावाने माल भरून ठेवला होता त्यांचा साठा रातोरात हलका झाला, आणि पुढच्या तिमाहीत गाडी कंपन्यांनी कास्टिंगचा दर नव्या भावाने कापला. जे गिऱ्हाईक अजून भाव पडण्याची वाट बघत होते त्यांनी ऑर्डरी लांबवल्या. गोव्यात आणि कोप्पळ-बळ्ळारी पट्ट्यात पिग आयर्न करणाऱ्यांचं परदेशी गिऱ्हाईक तुटलं. १९ नोव्हेंबर २०२२ पासून शुल्क मागे घेतलं, भाव पुन्हा चढला, आणि सगळं चक्र उलटं फिरलं. सहा महिन्यांत दोनदा. महागाई आवरण्याचा हेतू चांगला होता, हे मी मानते. पण एखादा परदेशी खरेदीदार एकदा दुसऱ्याकडे गेला की शुल्क काढल्याच्या बातमीने तो परत येत नाही. त्याला परत आणायला वर्षं जातात.

म्हणून जून २०२५ मध्ये, इंडियन रेअर अर्थ्स या आपल्या सरकारी कंपनीला जपानला होणारा पुरवठा थांबवायला सांगितल्याची बातमी आली तेव्हा मी ती दोनदा वाचली. आपली गरज आधी, हा विचार मला कळतो. पण अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या आकड्यांप्रमाणे आपल्याकडे दुर्मीळ मृदांचा साठा ६९ लाख टन आहे आणि वर्षाचं उत्पादन ३ हजार टनांच्या आत. केरळ-ओडिशाच्या वाळूतल्या मोनाझाइट या खनिजात हलक्या मृदा आहेत. चुंबकाला उष्णता सोसायला लावणारं डिस्प्रोशियम त्यात काढण्याजोगं नाही. आपण या मृदांचं ऑक्साइड अडवून ठेवलं तरी त्याचा चुंबक करणारा मोठा कारखाना अजून आपल्याकडे उभा राहायचा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपण ७,२८० कोटी रुपयांची, वर्षाला ६ हजार टन चुंबक बनवण्याची योजना मंजूर केलीत, ती योग्य दिशेची आहे. ती उभी राहीपर्यंत अडवलेला माल गोदामात राहील, आणि जपान मात्र दुसरा पुरवठादार शोधेल.

जपानचंच उदाहरण मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं, कारण तोही आमच्यासारखाच बाहेरच्या मालावर जगणारा. सप्टेंबर २०१० मध्ये सेनकाकू बेटांजवळच्या मासेमारी बोटीच्या वादानंतर चीनहून जपानला जाणाऱ्या दुर्मीळ मृदा अडल्या. जपानने उलट बंदी घातली नाही. त्याने ऑस्ट्रेलियातल्या लायनस कंपनीला २५ कोटी डॉलरचं बळ दिलं, साठे केले, कमी मृदा लागणारे चुंबक शोधले, जुन्या मालातून धातू परत काढायला सुरुवात केली. अमेरिका आणि युरोपबरोबर जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि २०१४ मध्ये जिंकलाही. तरी चीनवरचं अवलंबन ९० टक्क्यांच्या आसपास होतं ते ६० च्या घरात यायला दहा वर्षं लागली. आता तर दाव्याचा मार्गही लुळा पडला आहे, कारण त्या संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद आहे. इंडोनेशियाने २०२० मध्ये कच्च्या निकेलची निर्यात बंद केली, युरोपने २०२२ मध्ये त्याविरुद्ध निकाल मिळवला, इंडोनेशियाने अपील केलं, आणि ते ऐकायला कुणी नाही.

बंदीवाले इंडोनेशियाचाच दाखला देतात: कच्चं खनिज अडवलं म्हणून धातू गाळणारे कारखाने (स्मेल्टर) आले. पण निकेलच्या बाबतीत इंडोनेशिया जगातला सगळ्यात मोठा उत्पादक होता आणि चिनी कंपन्या पैसे घेऊन दारात उभ्या होत्या. कोबाल्टमध्ये काँगोची अशीच मक्तेदारी आहे, म्हणून फेब्रुवारी २०२५ पासून तो निर्यात थांबवू शकला आणि ऑक्टोबरपासून कोटा लावू शकला. ज्या खनिजात आपली अशी पकड नाही, तिथं अडवणूक केली तर फक्त आपलंच गिऱ्हाईक जातं.

आता ज्या कामाचा सुरुवातीला उल्लेख केला त्याबद्दल.

बेळगावच्या उत्तरेला यमनापूरला अल्युमिना रिफायनरी आहे. ती आज हिंदाल्कोची आहे, पण गावातली माणसं अजूनही तिला "इंडाल" म्हणतात. तिथं वर्षानुवर्षं कोल्हापूर जिल्ह्यातल्या, राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडीच्या खाणीतून बॉक्साइट आलं. खाण महाराष्ट्रात, कारखाना कर्नाटकात. आमच्या सीमाभागाच्या सगळ्या भांडणांत या एका गोष्टीची सीमा कुणी अडवली नाही, हे मला नेहमी बरं वाटतं.

बॉक्साइट कॉस्टिक सोड्यात शिजवलं की अल्युमिना विरघळतं, आणि त्याबरोबर त्यातलं गॅलियमही बऱ्याच प्रमाणात विरघळतं. तोच द्राव पुन्हा पुन्हा फिरत असल्याने गॅलियम त्यात साठत जातं. जगभरच्या बॉक्साइटचं सरासरी मोजमाप टनाला ५० ग्रॅम धरतात. म्हणजे दर लाख टन बॉक्साइटमागे सुमारे ५ टन गॅलियम, अर्थात त्यातलं सगळं हाती येत नाही. आता हे बघा: अख्ख्या जगाचं प्राथमिक गॅलियम वर्षाला साडेसातशे टनांच्या आसपास आहे आणि त्यातलं जवळपास सगळं चीनचं. रडार, एलईडी, मोबाइलचे वेगवान चार्जर, उपग्रह, सगळीकडे ते लागतं. १ ऑगस्ट २०२३ पासून चीनने त्यावर आणि जर्मेनियमवर परवाना लावला, ३ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेला ते देणं पूर्ण बंदच केलं, आणि पुढे ती बंदीही तात्पुरती स्थगित केली.

आपल्याकडे हे कुणी केलंच नाही असंही नाही. रेणुकूटला आणि मेत्तूरला पूर्वी अल्युमिनाच्या द्रावातून गॅलियम काढलं जायचं, याची नोंद भारतीय खाण ब्यूरोच्या वार्षिकात आहे. ते बंद पडलं याचा दोष मी कुठल्या कंपनीला देत नाही. चीनने प्रचंड उत्पादन करून भाव इतका खाली ठेवला की कझाकस्तानने २०१३ मध्ये, हंगेरीने २०१५ मध्ये आणि जर्मनीनेही २०१६ मध्ये गॅलियम काढणं सोडलं. ज्याला गरज नव्हती त्याने तोट्यात का काढावं? पण आता वारं फिरलं आहे. कॅनडात क्युबेकच्या अल्युमिना कारखान्यात प्रयोग सुरू आहेत, ग्रीसमध्ये प्रकल्प येतो आहे, ऑस्ट्रेलियात अल्कोआच्या रिफायनरीसाठी अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया या तिन्ही सरकारांनी मिळून पैसे घालायचं ठरवलं आहे. सगळे जण नवी खाण न खणता जुन्या अल्युमिना कारखान्याला एक जोड देत आहेत. मग बेळगावची रिफायनरी या विचारात का नाही? खासगी कंपनी एकटी हे करणार नाही, कारण उद्या चीनने पुन्हा माल ओतला तर भाव कोसळेल आणि तिची गुंतवणूक बुडेल. तिथं सरकारने ठरावीक भावाने ठरावीक वर्षं खरेदीची हमी द्यायला हवी. संरक्षण खात्याला गॅलियम लागतंच. देशात निघालेलं दोन पैसे महाग घेतलं तर ते नुकसान मानू नये.

लाल गाळाचं तर घाईने बघायला हवं. अल्युमिना काढल्यावर उरणारा हा गाळ सिमेंट कारखाने आता उचलतात, आणि पर्यावरणाच्या दृष्टीने ते चांगलंच आहे. पण त्याच गाळात स्कँडियम असतं, जे चीनच्या एप्रिल २०२५ च्या यादीत आहे. एकदा ते सिमेंटमध्ये मिसळलं की कायमचं गेलं. गाळ पाठवण्याआधी त्याचं पृथक्करण करा, किती आहे ते मोजा, आणि काढण्याजोगं असेल तर तेवढा गाळ बाजूला ठेवा, एवढं सांगायला मोठी योजना लागत नाही.

खाण मंत्रालयाला आणखी एक विनंती आहे, आणि ती फाउंड्रीवाल्यांच्या वतीने. जून २०२३ मध्ये आपण ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी काढलीत. टंगस्टन त्यात आहे, गॅलियम आहे, निकेल आहे. मॅग्नेशियम नाही. एसजी आयर्नचं, म्हणजे चिवट बिडाचं, कास्टिंग करायचं तर वितळलेल्या बिडात मॅग्नेशियमयुक्त नोड्युलायझर टाकावा लागतो. त्याशिवाय ग्रॅफाइट गोलाकार होत नाही आणि कास्टिंग ठिसूळ राहतं. त्या नोड्युलायझरमध्ये थोडं सेरियम-लँथॅनमही असतं. जगातलं सुमारे ८५ टक्के मॅग्नेशियम चीनचं आहे. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या शाआन्शी प्रांतात ऊर्जेचा वापर घटवण्याचं उद्दिष्ट गाठायला काही कारखाने बंद केले, आणि मॅग्नेशियमचा भाव काही आठवड्यांत तिपटीच्या वर गेला. निर्यातीवर बंधन नव्हतं, भांडण नव्हतं, फक्त त्यांचा घरचा एक निर्णय होता. उद्या ठरवून बंधन आलं तर बेळगाव, कोल्हापूर आणि इचलकरंजीच्या भट्ट्यांचं काय होईल याचा विचार कुणी केलेला आहे का? युरोपने आपल्या यादीत मॅग्नेशियम घेतलेलं आहे. आपल्या यादीत ते नाही, याचं मला एकच कारण सुचतं: यादी करताना इलेक्ट्रिक गाडी, सौर पॅनेल आणि संरक्षण डोळ्यांसमोर होतं, ओतकाम नव्हतं. लाखो लोकांच्या हाताला काम देणाऱ्या धंद्याला यादीत एक ओळ मिळायला हवी.

भंगाराबद्दल थोडक्यात. बोथट झालेले कार्बाइड इन्सर्ट आम्ही किलोवर भंगारवाल्याला विकतो. त्यात वजनाचा बहुतांश भाग टंगस्टन असतो आणि उरलेल्यात कोबाल्ट. खाणीतल्या दगडात टंगस्टन बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतं, आणि इथं ते पत्र्याच्या डब्यात एकवटलेलं पडलेलं असतं. सप्टेंबर २०२५ मध्ये आपण १,५०० कोटी रुपयांची पुनर्वापर योजना मंजूर केलीत, आणि तिचा एक तृतीयांश भाग लहान व नव्या उद्योगांसाठी ठेवलात. त्या योजनेत ई-कचरा आणि बॅटऱ्यांचं नाव ठळक आहे. कार्बाइड भंगाराचं नावही तितक्याच ठळकपणे लिहा. उद्यमबागेत केंद्राच्याच मदतीने उभं राहिलेलं फाउंड्री क्लस्टर, म्हणजे फाउंड्र्यांचं सामायिक केंद्र, आहे. तिथं संकलन केंद्र सुरू झालं, आणि भंगार देणाऱ्या लहान शॉपला त्या बदल्यात बांधलेल्या भावाने नवे इन्सर्ट मिळाले, तर परवान्याच्या रांगेत न उभं राहताही त्याला आधार मिळेल. कोलारच्या सोन्याच्या जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांत टंगस्टन असल्याचं सरकारी नोंदीच सांगतात. तेही याच राज्यात आहे.

आणि वाणिज्य मंत्रालयाला एकच सांगणं आहे. राष्ट्राच्या सुरक्षेसाठी एखाद्या खनिजाची निर्यात खरोखर रोखावीच लागली, तर तो आपला अधिकार आहे. पण निदान ९० दिवसांची पूर्वसूचना द्या, आधीच झालेल्या करारांचा माल जाऊ द्या, आणि बंधन कधी तपासणार ती तारीख त्याच अधिसूचनेत लिहा. २०२२ सारखं रात्रीत लागलेलं आणि सहा महिन्यांत उठलेलं शुल्क पुन्हा नको. चीनच्या परवान्यासाठी जे प्रमाणपत्र लागतं, त्याची खिडकी मोठ्या आयातदारांपुरती उघडी राहते. लहान कारखान्यांच्या समूहाला एकत्र अर्ज करता येईल अशी सोय विदेश व्यापार महासंचालनालयाने करावी. राष्ट्रीय महत्त्वाच्या खनिज अभियानात साठ्याची तरतूद आहे. तो साठा फक्त मोठ्या कंपन्यांसाठी न ठेवता त्यातला नोड्युलायझर आणि टंगस्टन भुकटीचा वाटा क्लस्टरमार्फत लहानांपर्यंत पोहोचू द्या.

चीनने स्थगित केलेली ऑक्टोबरची बंधनं १० नोव्हेंबर २०२६ ला पुन्हा जागी होऊ शकतात. त्या तारखेआधी मॅग्नेशियमचा यादीत समावेश, क्लस्टरचा साठा आणि बेळगावच्या अल्युमिनातल्या गॅलियमची मोजणी, या तीन गोष्टींवर निर्णय व्हावा अशी विनंती आहे. मोजणीला तर कुणाच्या परवान्याची गरज नाही. आपल्या कार्यालयातून कुणी अधिकारी बेळगावला येणार असतील तर त्यांनी कुठल्याही पाळीला उद्यमबागेत यावं. २०२१ पासूनची टूलची आणि नोड्युलायझरची दरपत्रकं तारखेवार लावून ठेवलेली आहेत. ती मी त्यांच्यासमोर ठेवीन, आणि आजूबाजूच्या शॉपवाल्यांनाही बोलावून घेईन.

कळावे,
आपली विश्वासू,
उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपची खरेदी पाहणारी,
बेळगाव